न्यूयॉर्कमध्ये वकिलांच्या सेमिनारला सीएलई (वकिलांचं सक्तीचं सतत शिक्षण) क्रेडिट कसं मिळवायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

न्यूयॉर्क-जर्सी भागातल्या मराठी लोकांचा आमचा एक ग्रुप आहे, थोडे वकील आणि बाकी माझ्यासारखे आयटीवाले. भारतातली मिळकत हा सगळ्यांच्याच घरचा विषय, पुण्यातला फ्लॅट, सातबाऱ्यावरची नावं, इथून करून पाठवायची पॉवर ऑफ ॲटर्नी वगैरे, म्हणून त्यावर अर्ध्या दिवसाचा सेमिनार ठरवलाय. पुण्याच्या एक सीनियर वकील मॅडम झूमवरून बोलणार आहेत (सकाळी ९ ला सुरू केलं तर त्यांची संध्याकाळ, म्हणून जमतंय).

आता ग्रुपमधल्या एका वकिलाने पिल्लू सोडलंय की क्रेडिट मिळालं तर इतर वकीलही येतील. इथे त्यांना दर दोन वर्षांनी २४ क्रेडिट भरावे लागतात, त्यात ४ एथिक्सचे, १ डायव्हर्सिटीचा आणि १ सायबर सिक्युरिटीचा, म्हणजे गरज खरी आहे. अर्जाचं काम अर्थातच माझ्या गळ्यात. नियम वाचले, एक क्रेडिट ५० मिनिटांचा आणि अर्ज कार्यक्रमाच्या किमान ६० दिवस आधी, एवढं कळलं. पण कार्यक्रम वकिलांसाठीच आखलेला हवा म्हणतात आणि आमच्याकडे निम्मे लोक तर नुसते मिळकतवाले! शिवाय शिकवणाऱ्यांत एक तरी ॲटर्नी हवा, तर पुण्याच्या मॅडम त्यात धरतात का? कोणी हे केलंय का?

प्रतिसाद १
आमच्या बार असोसिएशनसाठी (वकिलांच्या संघटनेसाठी) हे काम करते. पहिलं म्हणजे दोन भाग करा, सकाळी वकिलांचं सत्र, दुपारी सगळ्यांसाठी प्रश्नोत्तरं, आणि क्रेडिट फक्त सकाळचं मागा. "वारसाहक्क म्हणजे काय" असली स्लाइड सकाळी नको, त्याऐवजी इथल्या वकिलाने इथल्या क्लायंटची भारतातली इस्टेट कशी हाताळायची, हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींच्या हक्कात काय बदललं, असं ठेवा. मॅडम धरतात की नाही यावर वेळ घालवू नका, न्यूयॉर्कचा लायसन्सवाला वकील सोबत बसवा, पण तो खरंच बोलला पाहिजे, नुसती ओळख करून देऊन खाली बसला तर उपयोग नाही. अर्जात मिनिटामिनिटाची रूपरेषा, वक्त्यांची माहिती आणि लेखी नोट्स जोडाव्या लागतात आणि लोक नेमके नोट्सवरच अडकतात, त्या आत्ताच मागून घ्या. फी लावणार असाल तर ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी सवलतीचं धोरणही लेखी हवं.

प्रतिसाद २
अहो एवढा खटाटोप कशाला, ज्यांच्याकडे आधीच मान्यता आहे असा लॉ स्कूल किंवा बार असोसिएशनसारखा प्रोव्हायडर पार्टनर घ्या ना. तुम्हाला स्वतःला तो दर्जा हवा तर मागच्या तीन वर्षांत आठ कार्यक्रम झालेले लागतात, एका सेमिनारवाल्यांचं ते काम नाही. आणि झूमवरून बघणाऱ्यांसाठी मध्येच कोड सांगावा लागतो, तो त्यांनी फॉर्मवर लिहून द्यायचा, नाहीतर कॅमेरा बंद करून माणूस भाजी चिरत बसलाय की ऐकतोय हे कळणार कसं! हजेरीची यादी चार वर्षं सांभाळायची हेही लिहून ठेवा.

मूळ लेखक
दोघांचेही आभार, दोन सत्रांचं पटलं. पार्टनरचं आज ग्रुपवर टाकतो. एकच राहिलं, आमच्यातल्या जर्सीच्या वकिलांसाठी वेगळा अर्ज करावा लागेल का?

प्रतिसाद १
नाही, न्यूयॉर्कने मान्य केलेला कोर्स जर्सी धरते. फक्त सर्टिफिकेट वेळेत द्या, नंतर त्याचेच फोन येत राहतात.