वाफेची गाडी 40 च्या वेगाने? त्यापेक्षा वरात काढा!

बुलेटनाक
गेल्या हिवाळ्यात उत्तरेत एका वाफेच्या सहलगाडीला जाऊन आलो. तिकीट सणसणीत, पुण्याहून जाण्यायेण्याचा खर्च वेगळा. इंजिन डब्ल्यूपी, म्हणजे भारतीय रेल्वेचं जुनं ब्रॉडगेज वाफेचं इंजिन, पुढच्या गोल नाकावर तारा रंगवलेला, बघूनच जीव हरखला. आणि मग अख्खा प्रवास ताशी 40 किलोमीटरच्या आत! शेजारच्या रस्त्यावरून मोटरसायकलवाले आम्हाला मागे टाकत होते, वर वळून हात करत होते.

अरे, डब्ल्यूपी म्हणजे यार्डात डबे इकडून तिकडे ढकलणारं शंटिंगचं इंजिन आहे का? 1947 साली आलं तेच मुळी मेल-एक्सप्रेस ओढायला. मोठ्या चाकांचा व्यास 5 फूट 7 इंच, तो काय मिरवणुकीसाठी ठेवला होता? ब्रिटनमध्ये वाफेच्या सहलगाड्या मुख्य मार्गावर ताशी 75 मैलांनी, म्हणजे आपल्या 120 किलोमीटरनी पळतात. 2008 साली नव्याने बांधून पूर्ण केलेल्या ‘टॉर्नेडो’ या वाफेच्या इंजिनाने 2017 मध्ये चाचणीत ताशी 100 मैल गाठले. आपल्याला पुणे-दौंड आहे, सपाट, जेमतेम पाऊणशे किलोमीटर. वर्षातून एकच रविवार द्या. उरुळीच्या पुढे 100 ने सोडा. केडगावच्या फलाटावरची पोरं जन्मभर सांगत राहतील.

तिरका_सिग्नल
पुणेकराने वाफेच्या वेगाच्या आठवणीने गहिवरावं, हा विनोद चांगला आहे. दख्खनची राणी 1 जून 1930 ला सुरू झाली तीच विजेवर. मुंबईच्या बाजूला तारा तिच्याही आधी आलेल्या. आपल्या वाट्याची वाफ म्हणजे मिरजेची मीटरगेज. माझी आजी जेजुरीला त्या गाडीने जायची. शिंदवण्याचा घाट चढताना खाली उतरून चालत गेलं तरी गाडी चुकणार नाही, असं म्हणायची. वेगाची आठवण कुणाची, तुमची की यूट्यूबची?

बुलेटनाक
यूट्यूबची. पेशवाई तरी कुणी पाहिलीय? तरी रोज तिच्यावरून भांडतोच की आपण.

पिट_लाइन
धागाकर्त्याने टॉर्नेडोची अर्धीच गोष्ट सांगितली. पुढची मी सांगतो. एप्रिल 2018 मध्ये लंडनहून यॉर्कला निघालेल्या सहलीत तीच टॉर्नेडो प्रवाशांना घेऊन पहिल्यांदा ताशी 90 मैलांनी पळणार होती. वाटेत सँडी गावाजवळ व्हॉल्व्हगिअरमध्ये, म्हणजे सिलिंडरात वाफ सोडणाऱ्या यंत्रणेत, मोडतोड झाली आणि गाडी तिथेच अडकली. ‘मॅलार्ड’ या ब्रिटिश इंजिनाचं घ्या. 3 जुलै 1938, ताशी 126 मैल, वाफेचा विक्रम आजही तिच्याच नावावर. तोही उतारावर, आणि विक्रमानंतर मधल्या सिलिंडरच्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग भाजून निघालं म्हणून तिला पीटरबरोला थांबवावं लागलं. ही दोन्ही इंजिनं निगुतीने सांभाळलेली होती. आपल्याकडची डब्ल्यूपी साठी गाठलेली. ब्रॉडगेजची नेहमीची वाफ 1995 च्या डिसेंबरात संपली, त्यानंतर तिचे सुटे भाग बनवणारे हात किती उरलेत?

आणि रुळांचं काय? पिस्टन पुढे-मागे जातो, त्याचा तोल साधायला चाकात वजनं घातलेली असतात. चाक फिरताना ती वजनं दर फेऱ्याला रुळावर घण घातल्यासारखी आदळतात, आणि वेग दुप्पट झाला की तो घाव चौपट होतो. शिवाय डब्ल्यूपीला व्हॅक्युम ब्रेक, आजच्या डब्यांना हवेचे. 100 वर पळवाल, थांबवणार कशाने? खाली उतरून दगड लावून?

दौंडकर
माझे बाबा दौंड शेडला फायरमन होते. वेग म्हणजे त्यांच्यासाठी बेलचा, कोळसा टाकायचं फावडं. ड्रायव्हरने रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरात वाफ सोडायचा दांडा, उघडला की चिमणीतून वाफ जोरात बाहेर पडते, ती भट्टीतली हवा ओढून घेते, आग भडकते आणि कोळसा बघता बघता संपतो. मग टाका परत, हलत्या फळीवर उभं राहून, भट्टीच्या पातळ जागा हेरून. ड्यूटीवरून घरी आले की डोळ्यांच्या कडा काजळ घातल्यासारख्या काळ्या. कितीही धुतलं तरी सकाळी उशीच्या अभ्र्यावर दोन डाग उमटलेले. आईने त्यांचे अभ्रे वेगळेच ठेवले होते.

म्हणून तुमच्या रविवारच्या हौसेचं मला फार कौतुक नाही. पण हेही खरं, की लेट गाडी टाइम मेकअप करून राइट टाइम आणली, की त्या दिवशी जेवताना पहिला विषय तोच. भाजीला मीठ नाही हेही कळायचं नाही त्यांना.

कान_देऊन
माझा विरोध वेगळ्याच कारणाने. दोन सिलिंडरचं इंजिन चाकाच्या एका फेऱ्यात चार वेळा फुसकारतं. 5 फूट 7 इंचाचं चाक 100 च्या वेगात सेकंदाला पाच फेरे घेतं. म्हणजे सेकंदाला वीस ठोके. ते वेगळे ऐकूच येत नाहीत, नुसती घरघर, मिक्सरसारखी. 40 ला आठ होतात, कान लावला तर पकडता येतात. आणि स्टेशनातून निघताना तर एकेक सुटा, छातीवर बसणारा. ऐकायलाच जायचं तर हळू चालवा. मी तर चढाची मागणी करीन.

बुलेटनाक
घरघर ऐकायलाच जायचंय हो मला! ठोके फलाटावर उभं राहूनही ऐकता येतात. पिट_लाइन, बेअरिंगचा मुद्दा मान्य, रुळांचाही थोडाफार. ब्रेकचा मात्र नाही. टॉर्नेडोला हवेचेच ब्रेक आहेत, इथेही बसवता येतील. बरं, 100 राहू द्या. 75?

पिट_लाइन
आला का मंडईत? 50, आणि तेही बॉयलरचा दाखला बघून.

बुलेटनाक
60. शेवटचं.

दौंडकर
बाबांना आत्ताच विचारलं, वय 84. 60 ची असेल तर खिडकीची जागा धरा म्हणाले. 40 चं सांगितलं तर विचारतात, “मालगाडी आहे का?”