मुंबई ते लंडन 7,200 किमी, मग तिकिटावर दहा तास कसे?

सातरस्ता:
मुलीला जानेवारीत लंडनच्या हीथ्रो विमानतळावर जायचंय. ऑनलाइन कॅल्क्युलेटर 7,200 किमी, साडेआठ तास दाखवतो. तिकिटावर मात्र दहा तास. वेळ बघितली तर 15 तारखेला 02:30 ला सुटून 07:00 ला पोचतं, म्हणजे साडेचारच तास की! खरं काय धरायचं? आणि सोलापूरकराला मुंबई बरी का हैदराबाद?

होटगीरोड:
दहाच धरा. तिकिटावर सुटायची वेळ मुंबईची, पोचायची लंडनची. हिवाळ्यात ब्रिटन आपल्या साडेपाच तास मागे असतं. साडेचार अधिक साडेपाच, झाले दहा. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत हा फरक साडेचारच राहतो.

7,200 हे पृथ्वीगोलावर दोरा ताणून मोजलेलं अंतर. कॅल्क्युलेटर त्याला ताशी 850–900 किमीच्या वेगाने भागतो, वर अर्धा तास टाकतो, संपलं. पण त्या दोऱ्यावरून विमान जातच नाही. दोरा सिंध-बलुचिस्तान, इराण, काळा समुद्र, युक्रेन असा जातो. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 पासून बंद आहे, आणि एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननेही भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. त्यामुळे वळसा. त्यात दहा-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून येणारा जेट स्ट्रीम (जोरदार वाऱ्याचा पट्टा) थेट तोंडावर, हिवाळ्यात तर जास्तच. विमानाचा हवेतला वेग 900, समोरून वारा 100, की जमिनीच्या हिशोबाने 800 च. येताना तोच वारा पाठीशी, म्हणून परतीचं तिकीट तासभर कमी दिसेल.

धावपट्टी:
शिवाय तिकिटावरचा वेळ गेट ते गेट असतो. मुंबईत उड्डाणाआधीची रांग, हीथ्रोवर उतरण्याआधीच्या घिरट्या, सगळं त्यात आलं.

कडकभाकरी:
हैदराबाद-हीथ्रो साधारण 7,750 किमी, म्हणजे हवेत पाऊण तास जास्त. पण शमशाबादला (हैदराबादचं विमानतळ) 65 नंबरच्या हायवेने जाऊन आउटर रिंग रोड धरला की शहरात शिरावं लागत नाही. गाडी घरची असेल तर तेच सोयीचं. मुंबईला रेल्वेने जाणार असाल तर सीएसएमटीपर्यंत जाऊ नका, दादरला उतरा, तिथून विमानतळाचं टर्मिनल 2 जवळ पडतं.

खरा घोळ तारखेत होतो. 15 तारखेचे 02:30 म्हणजे 14 च्या रात्री साडेअकराला विमानतळावर. 14 च्या रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडली तर ती 15 ला सकाळी पोचेल, तोवर विमान गेलेलं! 14 ला सकाळची वंदे भारत धरा (आठवड्यातून एक दिवस नसते, वार बघा), नाहीतर 13 च्या रात्रीची सिद्धेश्वर. ऐन गड्ड्याचे (सिद्धेश्वर जत्रेचे) दिवस आहेत, रिझर्वेशन आत्ताच करा.

सातरस्ता:
तारखेचं लक्षातच नव्हतं, 14 रात्रीचंच बुकिंग करणार होतो. शेंगा चटणी हातातल्या बॅगेत चालेल का?

कडकभाकरी:
नको, तिखट सिक्युरिटीला अडवतात. चेक-इन बॅगेत, दोन पिशव्यांत बांधून. पेढे आणि तूप मात्र घरीच ठेवा, भारतातून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत.