खुबा बदलल्यावर शरीर तो ‘नाकारतं’ का? (सिकलसेल पेशंट)

कुरखेडाकर:
एसएस पॅटर्नचा (आई-बाप दोघांकडून सिकलचा जीन आलेला) पेशंट, वय 34. उजवा खुबा 7 वर्षांपूर्वी बदलला. आता खाटेवरून उठलं की पहिली चार पावलं जांघेत कळ, मग मोकळं वाटतं. ताप नाही. गावात म्हणतात शरीरानं लोखंड नाकारलं, किडनी बदललेल्यांसारख्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या लागतील. खरं आहे का? रोवणं (भाताची लावणी) सुरू व्हायच्या आत काय तपासावं?

अस्थी_नागपूर:
नाही जी. दुसऱ्याची किडनी टी-पेशींना (परकं ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशी) परकी म्हणून ओळखू येते, कारण तिच्या जिवंत पेशींवर दुसऱ्या माणसाची खूण असते. धातू-प्लास्टिकवर तशी खूणच नसते. त्या गोळ्या इथे देत नाहीत. सिकलसेलमध्ये पाणथरी आधीच निकामी, वरून प्रतिकारशक्ती दाबली तर संसर्गाला आवतणच.

शरीर भिडतं ते झिजेच्या कणांशी. वाटीतलं पॉलिइथिलीन (प्लास्टिक) झिजतं, 1 मायक्रॉनहून बारीक कण मॅक्रोफेज (कचरा गिळणाऱ्या) पेशी गिळतात. पचत तर नाहीत, मग त्या टीएनएफ-अल्फा, आयएल-6 ही दाह वाढवणारी रसायनं सोडत राहतात. त्यानं हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी चेततात, इम्प्लांटभोवतीचं हाड विरतं, सांधा ढिला होतो. उठल्या उठल्या कळ येणं ढिलेपणाकडेच बोट दाखवतं. जांघेत असेल तर बहुधा वाटी ढिली, मांडीत असेल तर मांडीच्या हाडात बसवलेला दांडा. नवा एक्स-रे ऑपरेशननंतरच्या पहिल्या एक्स-रेशेजारी लावून पाहा, एकटा पाहून काही कळत नाही.

पण हल्लीचं क्रॉसलिंक्ड (जास्त टिकाऊ केलेलं) पॉलिइथिलीन 7 वर्षांत एवढं झिजत नाही. म्हणून आधी संसर्ग नाही ना, ते पक्कं करा. ताप नाही म्हणून संसर्ग नाही, असं धरू नका. जंतू इम्प्लांटवर बायोफिल्मचा थर करून दडतात, पांढऱ्या पेशी तिथं नीट पोचत नाहीत.

लॅब_वणी:
ईएसआरवर (रक्तपेशी नळीत खाली बसायचा वेग) विसंबू नका. कोयत्यासारख्या पेशी एकमेकींवर रचल्या जात नाहीत, त्यामुळे संसर्ग असूनही आकडा कमी येतो. सीआरपी (दाह दाखवणारी रक्ततपासणी) करा. 10 मिग्रॅ/लिटरच्या वर असेल तर सांध्यातलं पाणी काढून तपासावं. सिकलच्या क्रायसिसमध्येही (अचानक उठणाऱ्या जोरदार कळा) सीआरपी चढतो, म्हणून दुखणं शांत असताना घ्या.

पेशी मोजायचं पाणी जांभळ्या झाकणाच्या (रक्त न गोठू देणाऱ्या) नळीत टाका. साध्या नळीत गुठळी झाली की पेशींची मोजणी गेली. मायक्रोलिटरला 3000 च्या वर पेशी आणि 80 टक्क्यांच्या वर न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) म्हणजे संसर्ग धरूनच चालायचं. कल्चर (जंतू वाढवून पाहायची तपासणी) 14 दिवस ठेवायला सांगा. सिकलमध्ये साल्मोनेला हा जंतूही निघतो.

कुरखेडाकर:
गावातल्या डॉक्टरनं 5 दिवसांपासून अँटिबायोटिक चालू केलंय. आणि धातूच्या ॲलर्जीचं काय?

अस्थी_नागपूर:
इथंच घोळ होतो. अँटिबायोटिक चालू असताना कल्चर कोरं येतं. पेशंट ठणठणीत असेल तर डॉक्टरांना विचारून बंद करा, 2 आठवड्यांनी पाणी काढा. ताप चढला किंवा टाक्याजवळून पू आला तर थांबायचं नाही, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या.

ॲलर्जीचा, म्हणजे टी-पेशींच्या प्रतिक्रियेचा, प्रश्न मुख्यतः धातूवर धातू घासणाऱ्या सांध्यांत येतो. असा ‘एएसआर’ सांधा ऑगस्ट 2010 मध्ये जगभरातून परत मागवला गेला. तुमच्या डिस्चार्ज कार्डावर इम्प्लांटचं स्टिकर असेल. धातू-पॉली (धातूवर पॉलिइथिलीन) लिहिलं असेल तर ही शंका मागं ठेवा. धातू-धातू असेल तर रक्तातलं कोबाल्ट-क्रोमियम मोजा. 7 मायक्रोग्रॅम/लिटरच्या वर गेलं तर खास पद्धतीचा एमआरआय लागतो. कातडीवरची पॅच टेस्ट करून पैसे घालवू नका, सांध्याच्या आत काय चाललंय ते ती भरवशानं सांगत नाही.

निदान होईपर्यंत रोवणं नकोच. चिखलात वाकून तासन्‌तास काम केलं तर बरा सांधाही निखळू शकतो.