शाळेतलं अंडं: पैसे सरकारने द्यायचे की गावाने?

कोरडवाहू

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने ठरवलं की शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं. उकडून द्या, पुलावात घाला, बिर्याणी करा. जी मुलं खात नाहीत त्यांना केळं किंवा त्या भागात मिळणारं फळ. एका अंड्यामागे पाच रुपये राज्य देणार होतं. जानेवारी २०२५ मध्ये दुसरा शासन निर्णय निघाला. अंडा पुलाव, तांदळाची खीर, नाचणी सत्त्व हे पदार्थ ऐच्छिक झाले. अंड्यांना आणि साखरेला वेगळा निधी मिळणार नाही, शाळा व्यवस्थापन समितीने लोकसहभागातून बघावं. बंदी कुठेच नाही. नुसते पैसे काढून घेतले, की बंदी घालायची गरज उरत नाही.

तेव्हा वर्तमानपत्रांत खर्चाचा आकडा आला होता, वर्षाला साधारण ५० कोटी.

आता दुसरे आकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आहेत, ३६.१ टक्के कमी वजनाची. चौथ्या फेरीत हे आकडे ३४.४ आणि ३६ होते, म्हणजे मधल्या वर्षांत आपण जागचे हललो नाही. रक्तक्षय असलेली लहान मुलं ५३.८ टक्क्यांवरून ६८.९ टक्क्यांवर गेली. हीच मुलं पुढे पहिलीत येऊन बसतात.

माझा मुद्दा प्रथिनांपेक्षा वेगळा आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळाली पाहिजेत असा निकष आहे. त्यासाठी १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी. कागदावर हिशेब बरोबर जुळतो. पण २० ग्रॅम डाळ खरंच पातेल्यात पडली का, हे जेवणाऱ्या मुलाला कळायची काही सोय नाही. वरणात दोन तांबे पाणी वाढलं की संपलं. उकडलेल्या अंड्यात पाणी घालता येत नाही. ते ताटात असतं किंवा नसतं, आणि दुसरीतलं पोरही घरी जाऊन सांगू शकतं की आज मिळालं नाही. अख्ख्या योजनेत मुलाला स्वतः तपासता येईल असा हा एकच पदार्थ होता आणि नेमका तोच काढला. राज्याने अंडं परत आणावं आणि स्वतःच्या पैशाने आणावं, असं माझं म्हणणं आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहावं.

साजूक

पटत नाही, म्हणून लिहिते. आमच्या घरात अंडं येत नाही आणि माझी मुलगी सरकारी अनुदानाच्या शाळेत जाते. केळं मिळतं हे खरं, पण प्रश्न केळ्याचा नाहीच. एकच पंगत, एकच वाढपी, तोच डाव. त्यावर उपाय काय काढला होता, आठवतंय? ओळखपत्रावर लाल आणि हिरवे ठिपके! सहा-सात वर्षांच्या मुलांच्या गळ्यात. हे ज्याने सुचवलं त्याने कधी शाळेची मधली सुट्टी पाहिली असेल असं वाटत नाही. खाण्यावरून मुलं एकमेकांना काय काय बोलतात ते मला घरी ऐकायला मिळतं.

प्रथिनंच द्यायची असतील तर शेंगदाण्याचे लाडू द्या, दूध द्या, मटकीची उसळ रोज करा. कोणाच्या श्रद्धेला धक्का न लावता पोषण होतं. राज्यात पिकतंही हेच.

सातपुडा

साजूकताई, ठिपक्यांबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. वेडगळपणा होता तो. पण त्याच आदेशात असंही होतं की शाळेतल्या ४० टक्के पालकांचा विरोध असेल तर तिथे अंडं द्यायचंच नाही. म्हणजे ज्या शाळेत साठ मुलांच्या घरी अंडं चालतं आणि चाळीसांच्या घरी नाही, तिथे साठांनीही केळंच खायचं. श्रद्धा जपायच्या तर दोन्हीकडच्या जपा की. माझ्या भागातल्या पोरांच्या घरी कोंबडी अंगणात फिरते. त्यांच्या जेवणात अंडं हा काही धक्का नाही, सणही नाही. त्यांचं रोजचं अन्न शाळेत आलं की तो वादाचा विषय कसा होतो, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

दुधाचं म्हणाल तर दुधात पाणी घालायची कला महाराष्ट्राला शिकवावी लागत नाही. कोरडवाहूंचा मुद्दा तिथेच येतो.

गुर्जी

द्विशिक्षकी शाळेत आहे. शापोआ, म्हणजे शालेय पोषण आहाराचं काम, माझ्याकडे आहे, म्हणून थोडं बोलतो. बाहेरून हा विषय फार सोपा दिसतो.

पाच रुपये मिळत होते. गावात पावसाळ्यात अंडं कधीमधी पाचाला मिळतं. थंडी पडली की साडेसहा-सात. वरचे पैसे कोणी द्यायचे? मुख्याध्यापकाने. आणि ते पाच रुपयेही आगाऊ येत नाहीत, आधी खर्च करा, मग बिल लावा, मग वाट बघा. दुकानदार मला ओळखतो, खात्याला ओळखत नाही.

आदल्या दिवशी ट्रे मोटारसायकलवर मांडीत धरून आणायचे. सकाळी आमच्या मावशी बादलीत पाणी भरून त्यात एकेक अंडं सोडतात. तळाशी बसलं तर चांगलं, तरंगलं की बाजूला. उन्हाळ्यात एका ट्रेमागे तीन-चार बाजूला निघतात, आणि हजेरीइतकी अंडी तर लागतातच. मग परत दुकानात पळा. इकडे चौथीचा वर्ग आपापला. जेवण झाल्यावर टरफलं गोळा करणं, ॲपवर नोंद, चव नोंदवहीत सही. मावशींना यासाठी महिन्याला २५०० रुपये मानधन आहे. महिन्याला, दिवसाला नाही.

आता उलट बाजूही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. अंड्याच्या दिवशी पट पूर्ण भरायचा. ऊसतोडीला गेलेल्यांची जी पोरं आजीकडे मागे राहतात, ती एरवी आठवड्यातून तीन दिवस येतात. अंड्याचा वार त्यांनी चुकवला नाही. लोकसहभागाचं विचाराल तर गेल्या वर्षी एका पालकाने मुलाच्या वाढदिवसाला सगळ्यांना अंडी दिली. एकदा. बाकी ज्यांच्याकडे मागायचं त्यांचीच पोरं पंगतीत बसलेली असतात.

करदाता

सगळे भावनेच्या भरात लिहिताहेत, जरा थंड डोक्याने बघू. राज्यावर कर्ज किती आहे ते सगळ्यांना माहीत आहे. शाळेचं काम शिकवणं. तिथे स्वयंपाक, त्यात अंडी, त्याचे ट्रे, टरफलं. वरचा गुर्जींचा प्रतिसाद वाचूनच कळतं की शिकवायला वेळ कुठे उरतो. दुसरं म्हणजे लाडकी बहीण योजनेतून जुलै २०२४ पासून आईच्या खात्यात महिन्याला १५०० रुपये जाताहेत. महिन्याची तीस अंडी दोनशे रुपयांत येतात. तिला मुलाला अंडं द्यावंसं वाटलं तर ती देईल, नको वाटलं तर दूध देईल. निर्णय आईचा, ठिपके नकोत, पंगतीचा वाद नको. साजूकताईंचा प्रश्नही सुटला. सरकारने प्रत्येकाच्या ताटात हात घालायची गरज काय?

कोरडवाहू

करदाते, कर्जाचा मुद्दा काढलात ते बरं झालं. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात लाडकी बहीणसाठी ३६,००० कोटींची तरतूद होती. भागिले ३६५ करा, दिवसाला साधारण ९८ कोटी. अंड्यांचा वर्षाचा खर्च ५० कोटी, म्हणजे त्या योजनेचा अर्धा दिवस. तिजोरी वाचवायला निघालेला माणूस तिथे हात घालत नाही. ती योजना बंद करा असं मी म्हणत नाहीये, बायकांच्या हातात पैसा आला हे चांगलंच झालं. पण तो पैसा आला म्हणून शाळेतलं काढून घ्यायचं, याला काटकसर म्हणत नाहीत.

आणि १५०० रुपयांतून गॅस येतो, औषध येतं, बचत गटाचा हप्ता जातो. घरात आणलेली अंडी कोणाच्या ताटात आधी जातात, हे मी सांगायला नको. शाळेत मुलीला मुलाइतकंच अख्खं अंडं मिळतं.

आणखी एक हिशेब. पहिली ते पाचवीसाठी एका मुलामागे रोजचा साहित्य खर्च मे २०२५ पासून ६ रुपये ७८ पैसे आहे. तांदूळ वेगळा येतो, पण डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन सगळं त्यात. म्हणजे एक अंडं आणलं की त्या दिवसाचे जवळपास सगळे पैसे संपले. "आहे त्यातच भागवा" हे गणितातच बसत नाही. वेगळा निधी नाही म्हणजे अंडं नाही.

आकडेमोड

या धाग्यावर एक गोष्ट कोणीच बोललेलं नाही, आणि माझ्या मते तीच कळीची आहे. कोरडवाहूंनी दिलेले खुजेपणाचे आकडे पाच वर्षांखालच्या मुलांचे आहेत. अंडं मात्र मागताहेत सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. खुजेपणाचा बहुतेक भाग गर्भारपणापासून दोन वर्षांपर्यंत, ज्याला पहिले हजार दिवस म्हणतात, त्यात ठरून जातो. तिसरीतल्या मुलाला आठवड्याला एक अंडं दिल्याने तो भरून येत नाही. तेव्हा त्या आकड्यांवर शाळेतल्या अंड्याची मागणी उभी करता येत नाही.

लहान बाळांबाबतही पुरावा सरळ नाही. इक्वेडोरमध्ये सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडं दिलं, खुजेपणा जवळपास निम्म्याने कमी झाला. २०१७ चा तो अभ्यास जगभर गाजला. पुढे मलावीमध्ये तसाच प्रयोग केला, तर उंचीवर परिणाम दिसलाच नाही. तिथली बाळं आधीपासून मासे खात होती, हे त्याचं एक कारण दिलं जातं. म्हणजे अंडं कोणाला, कधी आणि बाकी आहार काय, यावर सगळं अवलंबून. ५० कोटी असतील तर मी ते अंगणवाडीत घालीन, शाळेत नाही.

सातपुडा

आकडेमोड, अंगणवाडीत अंडं आहे. निदान आमच्याकडे कागदावर आहे. एपीजे अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं गरम जेवण मिळतं, आणि सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून चार वेळा अंडी किंवा केळी. २०१५-१६ पासून चालू आहे. निधी उशिरा आला की सेविका उधारीवर अंडी आणते. गुर्जींची जी गोष्ट, तीच आमच्या सेविकांची. पण आदिवासी प्रकल्पाच्या हद्दीबाहेरच्या अंगणवाडीत हे नाही. बीड-धाराशिवकडची ऊसतोड कामगारांची पोरं त्यात येत नाहीत.

तेव्हा लहानांना द्यायचं म्हणून मोठ्यांचं काढा, ही वाटणी कोणी सांगितली? जानेवारी २०२५ मध्ये काढलेले पैसे अंगणवाडीत गेले असते तर तुमचा मुद्दा मी डोक्यावर घेतला असता.

आकडेमोड

बिगर-आदिवासी अंगणवाड्यांचा मुद्दा मान्य, तिथे आधी सुरू करा. पण प्राधान्यक्रम लावणं म्हणजे कोणाचं काढणं नव्हे. वाढीसाठी शाळेतलं अंडं, हा दावा मला कच्चा वाटतो, एवढंच. हजेरीसाठी म्हणा, भुकेसाठी म्हणा, रक्तक्षयासाठी आहारातली विविधता म्हणून म्हणा, माझी हरकत नाही.

कोरडवाहू

मग हजेरीसाठी आणि भुकेसाठी म्हणतो. सातवीत जाणारी मुलगी रिकाम्या पोटी शाळेत बसू नये, हे उंचीच्या आलेखात दिसलं नाही तरी मला पुरेसं आहे. योजना आठवीला संपते, तो वेगळा वैताग.

नामक्कलचा पाहुणा

नोकरीमुळे बरीच वर्षं तामिळनाडूत आहे. इथे सरकारी शाळेत आठवड्याला पाच अंडी मिळतात. अण्णाद्रमुकच्या एमजीआरनी १९८२ मध्ये पौष्टिक आहार योजना वाढवली, द्रमुकच्या करुणानिधींनी १९८९ मध्ये पंधरवड्याला एक अंडं सुरू केलं, पुढे ते वाढत पाचावर गेलं. सरकारं बदलली, दोन्ही पक्षांनी एकमेकांचे पुतळेसुद्धा सहन केले नाहीत, पण अंडं कमी करायची हिंमत कोणी केली नाही. खरेदी सरकार करतं, शाळेपर्यंत पोचवणं ठेकेदाराचं. मुख्याध्यापक दुकानात जात नाही. अंड्यावर सरकारी शिक्का असतो.

आता कोरडवाहूंच्या लाडक्या मुद्द्याला थोडी टाचणी लावतो. अंड्यात पाणी घालता येत नाही, पण अंडं पळवता येतं. शिक्क्याची अंडी हॉटेलात सापडल्याच्या बातम्या इथेही आल्यात. फरक इतकाच की शिक्का होता म्हणून सापडली.

कर्नाटकानेही डिसेंबर २०२१ मध्ये कल्याण कर्नाटकातल्या, म्हणजे ईशान्येकडच्या मागास जिल्ह्यांपासून सुरुवात केली. काही मठांचा कडक विरोध होता. नको त्याला केळं किंवा चिक्की ठेवली आणि पुढच्या वर्षी राज्यभर नेलं. आता अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या मदतीने आठवड्याचे सहाही दिवस अंडं मिळतं.

साजूक

चिक्की चालेल. केळ्यापेक्षा कितीतरी बरी. आठवडाभर एकालाच अंडं आणि दुसऱ्याला केळं, यात प्रथिनांची बरोबरी कुठे होते, हा माझा खरा आक्षेप आहे आणि त्यावर वर कोणी उत्तर दिलेलं नाही. न खाणाऱ्या मुलांना तुम्ही तोंडी लावण्यापुरतं धरता. आणि सामाईक पातेल्यात अंडा पुलाव नको, उकडलेलंच द्या, वेगळ्या भांड्यात. एवढं होणार असेल तर शाळेत अंडं आलं म्हणून मी मोर्चा काढणार नाही. पाठिंबा मात्र मागू नका.

करदाता

कर्नाटकात एका उद्योगपतीच्या फाउंडेशनने पैसे दिले. तो लोकसहभागच झाला की! मग महाराष्ट्राच्या शासन निर्णयात चूक काय?

नामक्कलचा पाहुणा

दोन दिवसांची अंडी तिथलं सरकार आधीपासून स्वतः देत होतं, फाउंडेशनने वरचे चार दिवस उचलले. आणि करार राज्याशी झाला. शाळेच्या समितीने वही घेऊन दारोदार फिरायचं, असा तो सहभाग नाही.

गुर्जी

उकडलेलंच द्या, या साजूकताईंच्या मताला माझं अनुमोदन. पुलावात अर्धं अंडं टाकूनही भागवता येतं, ते मी इतर शाळांत पाहिलंय. पण तामिळनाडूसारखं पोचवायचं म्हणाल तर आपल्याकडे अंडी आहेत कुठे? राज्यात रोज कोटीभर अंडी कमी पडतात, हे पशुसंवर्धन विभागानेच २०२३ मध्ये सांगितलं होतं. बाहेरच्या राज्यांतून ट्रक आला, तो तालुक्यापर्यंत. तालुक्यापासून आमच्या वाडीपर्यंत पुन्हा मोटारसायकलच. बचत गटाच्या बायकांना कोंबड्या द्या आणि शाळेने त्यांच्याकडूनच घ्यावीत असं ठरवा, आमच्या गावात दोन गट उद्या तयार होतील. फक्त दर पाच रुपयांवर गोठवून ठेवू नका. बाजारात जो दर असेल तो, आणि पैसे महिना सुरू व्हायच्या आधी. हे दोन्ही नसेल, तर मला तुमचं अंडं नको, मी स्पष्ट सांगतो.