आधी पहाटेचं पाणी मोजा

दुपारी छान ऊन पडतंय, तर कासवं आजच बाहेरच्या तळ्यात सोडू का, असं तुम्ही विचारलंय. दुपार नका बघू, पहाटेचं पाणी मोजा. लाल कानाची कासवं असतील तर आठवडाभर पहाटेही पाणी 18-20 अंशांखाली जात नसेल तेव्हाच सोडा. बाहेर खरा फायदा उन्हाचा, कारण कवचाला लागणारे उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण काचेतून जवळपास येतच नाहीत. पण उथळ पाणी फार पटकन तापतं, सावली आणि खोल कोपरा हवाच. आणि कुंपण! कासवं चढतात, खालून उकरतातही. माझं एक असंच निसटलं, तीन दिवस झुडपं धुंडाळली तेव्हा सापडलं. रात्री वरून जाळीही टाका.