शाळेतलं दुपारचं औषध (जुळे सोलापूर, सोसायटी ग्रुप)

ए-३०१ वहिनी: शाळेत नर्स नाही. दुपारचं औषध मावशींकडे दिलं तर चालतं का ओ?

बी-१०२ सिस्टर: आधी डॉक्टरांना विचारा, शाळेची वेळ सोडून डोस बसतो का. दिवसातून दोनदाचं औषध सकाळ-रात्र घरीच होतं, शाळेत पाठवायचं कारणच नाही. द्यायचंच असेल तर चिठ्ठीची झेरॉक्स, तुमच्या सहीचं पत्र, मुलाचं नाव, तुकडी, वेळ, जेवणाआधी की नंतर, सगळं लेखी. "ताप वाटला तर द्या" असं लिहूच नका. मावशींनी मदत करायची, द्यायचं की नाही हे त्यांच्यावर टाकायचं नाही. ताप दिसला की आधी तुम्हाला फोन. सकाळी घरी डोस दिला असेल तर त्याची वेळही कळवा.

सी-४०४ मेडिकलवाले काका: आणि मिलीग्रॅम लिहा! पॅरासिटामॉलच्या एका सिरपमध्ये ५ मिलीत १२० मिलीग्रॅम, दुसऱ्यात २५०. थेंबांच्या बाटलीत तर १ मिलीतच १००. नुसतं "५ मिली" लिहिलं आणि पुढच्या वेळी घरातून दुसरी बाटली गेली, की डोस दुप्पट. छोट्या डबीत ओतून देऊ नका, लेबलसकट मूळ बाटलीच द्या. सोबत बिनसुईची सिरिंज. घरातल्या चमच्यांचं माप सारखं नसतं.

ए-३०१ वहिनी: आणि दम्याचा पंप?

बी-१०२ सिस्टर: पंप हलवायचा, स्पेसरला (पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची पोकळ नळी) लावायचा, एकच पफ, मग ५-६ संथ श्वास. दुसरा पफ अर्ध्या-एक मिनिटाने, पुन्हा हलवून. घाईत दोन्ही एकदम मारले की बरंचसं औषध स्पेसरमध्येच चिकटून राहतं. दम लागल्यावर घ्यायचा पंप ऑफिसच्या कुलपात कधीच नको. किल्ली शोधेपर्यंत पोराचे हाल होतात. पंप घेऊनही दम कमी झाला नाही, बोलता येईना, तर थेट १०८.

डी-२०२ सर: जंतनाशक दिनाला शिक्षकच गोळी देतात की. ४०० मिलीग्रॅमची अल्बेंडाझोल, समोर चावून खायला लावायची, खाल्ल्यावरच नावापुढे खूण. त्या दिवशी आजारी असलेल्याला द्यायची नाही. रोजच्या औषधालाही तशीच वही ठेवा: तारीख, वेळ, डोस, देणाऱ्याची सही. नाहीतर मावशी देतात, मग बाईही देतात.

ए-३०१ वहिनी: आणि उलटी झाली तर?

सी-४०४ मेडिकलवाले काका: शाळेने दुसरा डोस द्यायचा नाही. किती मिनिटांनी झाली ते वहीत लिहून तुम्हाला फोन. पुढचं डॉक्टर सांगतील.