कॅपर्टी खोऱ्यात कॅम्पिंग आणि छोट्या पक्ष्यांचे फोटो : जागा, अंतर, सेटिंग?

निळीशेपटी (प्रश्न)
ऑक्टोबरमध्ये सिडनीहून कॅपर्टी खोऱ्यात दोन रात्रींसाठी जायचं आहे. मुक्काम ग्लेन डेव्हिसच्या कॅम्पग्राउंडवर. पोपट, कूकाबुरा नकोत. सुपर्ब फेअरीरेन, थॉर्नबिल, यलो रॉबिन, डायमंड फायरटेल असे चिमुकले पक्षी हवेत. फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा आणि २००-६०० मिमी लेन्स आहे. फेअरीरेन एका जागी थांबतच नाही. मागे गेलं की झुडपात शिरतो, आणि फोटोत शेपटी स्पष्ट, डोळा मात्र पुसट. तंबू कुठे लावावा, किती अंतर ठेवावं? ॲपवरून आवाज लावून बोलावलं तर चालेल का?

रानचिमणी
आधी त्याच्या मागे जाणं थांबवा. फेअरीरेनचं टोळकं ठरलेल्या हद्दीत फिरतं आणि जमिनीवर टुणटुण उड्या मारत किडे टिपत त्याच त्या झुडपांवरून पुन्हा जातं. त्यामुळे एक मोकळा पट्टा निवडा: मागे दाट झुडूप, पुढे दोन-तीन मीटर आखूड गवत किंवा माती, मध्ये एखादी आडवी पडलेली फांदी. तिथे जमिनीवर बसा आणि हलू नका. टोळकं स्वतःहून जवळ येतं. लेन्स पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवर असेल तर मागचं गवत विरघळतं. उभ्याने काढलेल्या फोटोत नुसती पाठ आणि पाचोळा येतो.

जागा निवडताना नॉइझी मायनरकडे लक्ष द्या. करड्या रंगाचा, पिवळ्या चोचीचा हा मधखाऊ पक्षी टोळीने राहतो आणि छोट्या पक्ष्यांना हुसकावून लावतो. खाली झुडपं नसलेली, नुसती उंच निलगिरी आणि कापलेलं गवत असलेली जागा त्याला आवडते. कॅम्पग्राउंडचा मधला भाग बहुधा असाच असतो, म्हणून तंबू काठाला, झुडपांच्या बाजूला लावा. फक्त जुन्या निलगिरीखाली नको, वारा नसतानाही तिच्या जड फांद्या तुटून पडतात.

फायरटेल दाणे खाणारा, त्यामुळे त्याला रोज पाणी लागतं. उन्हं चढल्यावर उथळ काठाच्या पाणवठ्याशी दहा-बारा मीटरवर बसलात तर तो शोधत फिरावं लागत नाही. खोऱ्यातली बरीच जमीन खाजगी आहे; शेततळं कितीही खुणावत असलं तरी कुंपण ओलांडू नका, रस्त्याच्या कडेवरूनच बघा.

फोकसवाला
डोळा पुसट येण्यामागे साधं गणित आहे. ६०० मिमी, एफ ६.३ (लेन्सच्या छिद्राचा आकडा; मोठा आकडा म्हणजे लहान छिद्र) आणि सहा मीटर अंतर असेल तर स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढे-मागे स्पष्ट दिसणारा पट्टा, जेमतेम साडेतीन सेंटिमीटर मिळते. फेअरीरेन शेपटीसकट सुमारे १४ सेंटिमीटर. तो तिरका बसला की डोळा आणि शेपटी दोन्ही स्पष्ट येणं शक्यच नाही, आणि फोकस-चौकट मोठी असेल तर कॅमेरा जवळची शेपटी पकडतो. पक्ष्याचा डोळा ओळखणारा ऑटोफोकस लावा. काड्यांच्या गर्दीत तो चुकला तर सर्वांत लहान चौकट डोक्यावर ठेवा. पक्षी आडवा वळला की शटर दाबा. एफ ८ केल्याने एखादाच सेंटिमीटर वाढतो, पण प्रकाश जातो. सावलीत मी ६.३ वरच राहीन.

शटर पक्षी उड्या मारताना १/१६०० ते १/२००० सेकंद, गाताना १/८०० पुरतं. आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ऑटो, कमाल ६४००. गडद झुडपासमोर नर बसला की कॅमेरा जास्त उजळ फोटो घेतो आणि गालाचा निळा रंग फिका पांढरा पडतो, म्हणून एक्स्पोजर -०.७, म्हणजे फोटो थोडा गडद.

भारतातल्या सवयीने फसाल अशी एक गोष्ट: इथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. झुडपाच्या उत्तरेला बसून दक्षिणेकडे बघा, म्हणजे ऊन तुमच्या पाठीवर येईल. गाडीतून फोटो काढणार असाल तर हीटर आणि इंजिन बंद करून काचा आधीच उघडा. आतली गरम हवा काचेतून बाहेर पडत असेपर्यंत एकही फोटो खणखणीत येत नाही.

पाचोळा
आवाजाबद्दल: लावू नका. विणीचा हंगाम आहे. नराला वाटतं हद्दीत परका नर आला; तो पिल्लांना भरवायचं सोडून त्या आवाजामागे धावतो. त्यात या खोऱ्यात रीजंट हनीईटर आहे, अतिसंकटग्रस्त. त्याच्यासाठी तर कुठल्याच हंगामात नको.

फेअरीरेनचं घरटं गवताच्या ठोंबात किंवा बुटक्या झुडपात, बहुधा जमिनीपासून मीटरभराच्या आत असतं. म्हणून उंच गवतातून वाट काढू नका. पक्षी अचानक डोकं आणि शेपटी खाली पाडून, पिसं फुलवून उंदरासारखा जमिनीवरून पळू लागला, तर ते घरट्यापासून तुमचं लक्ष उडवण्यासाठी असतं. फोटो सोडा आणि आलात त्याच वाटेने मागे व्हा.

यलो रॉबिन खोडाला आडवा चिकटून बसतो, तिथून खाली झेप घेतो आणि पुन्हा जवळच्या खोडावर जातो. तुम्ही शांत असाल तर तीन-चार मीटरवर येतो. तुमची लेन्स २.४ मीटरच्या आत फोकस करत नाही, तेवढं ध्यानात ठेवा.

निळीशेपटी
आभार. चार्जिंगचं काय? आणि रात्री थंडी असते, कॅमेरा तंबूत ठेवू का?

फोकसवाला
२०,००० एमएएचची पॉवरबँक म्हणजे साधारण ७४ वॉट-तास. घट धरून १५-१६ वॉट-तासाची बॅटरी तीनदा भरते. कॅमेऱ्यातच चार्ज करायचं असेल तर पॉवरबँक पीडी (यूएसबीवरून जास्त शक्ती देणाऱ्या) प्रकारची घ्या, काही कॅमेरे साध्या यूएसबीवर चार्ज होत नाहीत. बॅटऱ्या स्लीपिंग बॅगमध्ये, कॅमेरा मात्र बंद बॅगेत गाडीत. तंबूत श्वासाची वाफ साचते आणि लेन्सवर बसते.

रानचिमणी
जमिनीवर आडवं होण्याआधी त्या जागी मिनिटभर बघून घ्या, बुल अँटचं (जोरात डसणाऱ्या मोठ्या मुंगीचं) बीळ असेल तर दोन मीटर सरका. पायात पूर्ण पँट, मोजे तिच्यावरून ओढलेले. पाणी घरूनच न्या. मोबाइलला रेंज धरू नका, त्यामुळे नकाशे आणि पक्षी ओळखणाऱ्या मर्लिन ॲपचा तिथला पक्षीसंच निघण्याआधी उतरवून घ्या. चुलीचा बेत असेल तर त्या दिवशी टोटल फायर बॅन (उघड्यावर आग पेटवण्यावर पूर्ण बंदी) आहे का, हेही रेंजमध्ये असतानाच बघा.